निर्वासितांचा भार कोणी वाहावा?

गतवर्षी एके दिवशी भूगोलाच्या तासास आम्ही पॅसिफिक महासागराचा नकाशा भिंतीवर टांगला होता. नौरू नावाचे बेट शोधून दाखविण्यास आम्ही एका विद्यार्थ्यास सांगितले. छडी हाती घेऊन त्याने बराच वेळ शोध केला, परंतु बेट काही सापडेना. अखेर आम्हीच छडीचे टोक एका ठिपक्यावर ठेवले, तो ठिपका टोकाखाली झाकूनच गेला. अवघे २१ चौरस किलोमीटर क्षेत्रफळ आणि दहाबारा हजारांची वस्ती! ऑस्ट्रेलियासारख्या खंडप्राय देशाने आपल्या दारी आलेले आश्रयार्थी ह्या ठिपक्यावर नेऊन ठेवले, असे आम्ही सांगताच तो विद्यार्थी म्हणाला, “सर, आमच्या घरी पाहुणे आले आणि वडिलांनी शेजाऱ्याला पैसे देऊन त्यांना त्याच्या खोपटात उतरविले, तर पाहुणचार कोणी केला म्हणायचा?”

वर्गात हशा पिकला. परंतु प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता. इतक्यात घंटा झाली आणि उत्तर राहून गेले. ते ऋण आम्ही ह्या अंकात फेडू इच्छितो. विद्यार्थ्यांप्रमाणेच त्यांच्या आईवडिलांनीही हा लेख वाचावा अशी आमची विनंती आहे. कारण घरी आलेल्यास आत घ्यावे की नाही, ह्याचा निर्णय शेवटी वडील माणसांनाच करावा लागतो.

प्रारंभी शब्दांचे अर्थ स्पष्ट करून घेऊ. अधिक मजुरीच्या आशेने जो परदेशी जातो त्यास आपण स्थलांतरित म्हणतो; त्यास घरी परतण्याची वाट मोकळी असते. निर्वासिताचे तसे नसते. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट समाजगटात असणे किंवा राजकीय मत, ह्यांपैकी एखाद्या कारणाने आपला छळ होईल अशी साधार भीती ज्यास आहे, आणि त्या भीतीने जो स्वदेशाबाहेर पडला आहे, तो निर्वासित, अशी व्याख्या २८ जुलै १९५१ रोजी जिनीव्हा येथे झालेल्या आंतरराष्ट्रीय करारात केलेली आहे. असा मनुष्य परक्या देशात जाऊन ‘मला येथे राहू द्या’ म्हणून जी मागणी करतो, तो आश्रयाचा अर्ज होय. अर्ज करणारा प्रत्येक जण खरोखर निर्वासित असतोच असे नाही. म्हणून त्याची हकीकत ऐकून, पुरावा तपासून, खरेखोटे ठरवावे लागते. ह्या कामास आपण छाननी म्हणू. ही छाननी केवळ कारकुनी नव्हे. परीक्षेच्या गुणांत चूक झाली तर वर्ष वाया जाते. येथे चूक झाली तर मनुष्य पुन्हा त्याच छळकांच्या हाती जातो.

१९५१ च्या कराराचा मुख्य आधारस्तंभ म्हणजे त्याचे ३३ वे कलम. जेथे निर्वासिताच्या जीवितास किंवा स्वातंत्र्यास धोका आहे, तेथे त्यास परत लोटू नये, असे ते सांगते. ३१ व्या कलमात असेही म्हटले आहे की, जो थेट संकटातून आला आहे व अधिकाऱ्यांपुढे विलंब न लावता हजर झाला आहे, त्यास परवान्यावाचून आला एवढ्याच कारणाने शिक्षा करू नये. हा करार प्रथम १९५१ पूर्वीच्या घटनांपुरताच होता. १९६७ सालच्या पुरवणी कराराने ती मर्यादा दूर झाली. आपल्या देशाने मात्र ह्या दोहोंवर सही केलेली नाही.

परंतु ह्या करारात दोन पोकळ्या राहून गेल्या आहेत, आणि पुढील सर्व वाद त्यांतूनच उद्भवला आहे. पहिली अशी की, राष्ट्राचे कर्तव्य मनुष्य त्याच्या हद्दीत आल्यावर सुरू होते. त्यास सुखरूप आणण्याची जबाबदारी कोणावरही टाकलेली नाही. पळून जाणाऱ्यास कोणी प्रवासाचा परवाना देत नाही, आणि परवान्यावाचून उतारू आणल्यास अनेक देश विमान कंपन्यांस दंड करतात. तेव्हा जो आश्रय कायद्याने हक्काचा, त्याच्या दारापर्यंत पोहोचण्याचा रस्ता मात्र चोरट्या दलालांच्या हाती गेला. दुसरी पोकळी अशी की, काही देशांवर अवाजवी भार पडेल आणि तो सहकार्यावाचून पेलणार नाही, हे कराराच्या प्रस्तावनेत मान्य केलेले असूनही, कोणी किती वाटा उचलावा ह्याचा एकही नियम त्यात घातलेला नाही. संयुक्त राष्ट्रसंघाने डिसेंबर २०१८ मध्ये ह्याविषयी एक ठराव संमत केला खरा. परंतु त्यातील वाटणी प्रत्येक राष्ट्राच्या मर्जीवर सोडलेली आहे.

नियम नसला म्हणजे भार कोठे जातो? पाणी जसे उताराकडे, तसा तो शेजाऱ्याकडे जातो. सगळे निर्वासित श्रीमंत देशांकडे धाव घेतात अशी अनेकांची समजूत असते. ती खरी नव्हे. संयुक्त राष्ट्रसंघाच्या निर्वासितविषयक उच्चायुक्तांच्या कार्यालयाने दिलेल्या हिशोबाप्रमाणे, २०२४ च्या अखेरीस जगात सुमारे ४ कोटी २७ लक्ष निर्वासित होते. त्यांपैकी शेकडा ७३ गरीब व मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहत होते, आणि शेकडा ६७ आपल्या मायदेशाच्या शेजारीच राहिले होते. इराण, तुर्कस्तान, कोलंबिया, जर्मनी व युगांडा हे त्या वेळी सर्वांत अधिक भार वाहणारे देश होते. ह्या पाचांत श्रीमंत म्हणता येईल असा जर्मनी एकच. ह्याच्या उलट, आश्रयाच्या पहिल्या देशातून उचलून दुसऱ्या देशात कायमची वस्ती करून देण्यात आलेले निर्वासित त्या संपूर्ण वर्षात दोन लक्षांहूनही कमी होते.

वाटणीचा प्रश्न आजचा नव्हे. जुलै १९३८ मध्ये फ्रान्समधील एव्हियाँ ह्या गावी, अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट ह्यांच्या सूचनेवरून, ३२ राष्ट्रांचे प्रतिनिधी जमले होते. जर्मनी व ऑस्ट्रिया येथे ज्यूंचा छळ चालला होता. त्यांस कोणी किती घ्यावे हा विषय होता. नऊ दिवस भाषणे झाली. सहानुभूती सर्वांनी दर्शविली. दार उघडण्याची तयारी मात्र डोमिनिकन रिपब्लिकखेरीज जवळजवळ कोणीच दाखविली नाही. पुढील वर्षी ‘सेंट लुई’ नावाचे जहाज ९३७ उतारू घेऊन हॅम्बुर्गहून क्यूबास गेले; त्यांतील बहुतेक ज्यू होते. क्यूबाने थोड्यांनाच उतरू दिले. अमेरिकेनेही घेतले नाही. जहाज युरोपास परतले. ब्रिटन, फ्रान्स, बेल्जियम व हॉलंड ह्यांनी ते उतारू आपसांत वाटून घेतले. परंतु ब्रिटनखेरीज इतर तिन्ही देश वर्षभरातच जर्मनांच्या हाती पडले, आणि त्या उतारूंपैकी २५४ जण पुढे मारले गेले. १९५१ च्या करारातील ३३ वे कलम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हा काळ होता.

ह्याच काळातील दुसरे एक उदाहरण आपल्या अगदी जवळचे आहे. १९४० व १९४१ साली रशियाने पूर्व पोलंडातील लक्षावधी लोकांस सैबेरिया व कझाकस्तान येथे हद्दपार केले होते. पुढे त्यांची सुटका झाली आणि १९४२ साली एक लाखाहून अधिक पोलिश सैनिक व नागरिक कास्पियन समुद्र ओलांडून इराणात आले. त्यांत हजारो स्त्रिया व मुले होती. त्यांस एकट्या इराणने सांभाळावे असे ठरले नाही. काही पूर्व आफ्रिकेत गेले, काही मेक्सिकोत, ७३३ मुले न्यूझीलंडात, आणि काही हिंदुस्थानात आले. जामनगरजवळ बालाचडी येथे जामसाहेब दिग्विजयसिंहजी ह्यांनी मुलांची सोय केली, आणि कोल्हापूरजवळ वळिवडे येथे १९४३ ते १९४८ पर्यंत सुमारे पाच हजार पोलिश लोकांची छावणी होती. तेथे त्यांच्या मुलांच्या शाळा होत्या, दवाखाना होता, चर्च होते. छावणीचा खर्च लंडन येथील पोलिश सरकारने उचलला होता. कोल्हापूरच्या महावीर उद्यानात त्यांचे स्मारक आहे, आणि पोलंडची राजधानी वॉर्सा येथेही कोल्हापूरच्या नावाचे स्मारक उभे आहे.

वळिवड्याची गोष्ट आपण अभिमानाने सांगतो, ते योग्यच आहे. परंतु तिच्यातील मर्म कोणते, इकडे लक्ष दिले पाहिजे. ती छावणी मुक्कामाची जागा होती, शेवटची नव्हे. युद्ध संपल्यावर पोलंडात साम्यवादी राजवट आल्यामुळे ज्यांस परत जाणे शक्य नव्हते, त्यांच्यापैकी बहुतेकांस ब्रिटन व इतर देशांनी घेतले. म्हणजे छावणीस जसे येण्याचे दार होते, तसे पुढे जाण्याचेही होते. ज्या छावणीस पहिले दार आहे पण दुसरे नाही, तीस आश्रय म्हणावे की कोंडवाडा?

वाटणीचा ह्याहून मोठा प्रयोग पुढे आग्नेय आशियात झाला. १९७५ नंतर व्हिएतनाममधून लोक लहान होड्यांत बसून समुद्रात शिरू लागले. १९७९ च्या मध्यास मलेशियातील पुलाऊ बिडाँग नावाच्या, सुमारे एक चौरस किलोमीटरच्या बेटावर ४०,००० लोक खोपटी बांधून राहत होते. किनाऱ्यावरील देश हतबल झाले. होड्या पुन्हा समुद्रात ढकलल्या जाऊ लागल्या. किती लोक बुडाले ह्यास गणती नाही. तेव्हा जुलै १९७९ मध्ये जिनीव्हा येथे परिषद भरली आणि एक सरळ सौदा ठरला: किनाऱ्यावरील देशांनी येणाऱ्यांस तात्पुरते उतरू द्यावे; दूरच्या देशांनी त्यांस तेथून घेऊन जावे. दूरच्या देशांनी देऊ केलेल्या जागा १,२५,००० वरून २,६०,००० वर गेल्या. दूरचे देश आपला शब्द पाळतात असे दिसले, म्हणून मलेशिया व थायलंड ह्यांनी दार लावले नाही. त्याच वर्षी आणखी एक वाट काढण्यात आली. व्हिएतनाममध्येच अर्ज घ्यावे, तेथेच छाननी करावी, आणि ज्यांचा अर्ज मान्य होईल त्यांनी होडीत न बसता विमानाने जावे. ह्या वाटेने पुढील काही वर्षांत सहा लाखांहून अधिक माणसे सुखरूप गेली.

तथापि ही व्यवस्थाही निर्दोष होती असे नव्हे. होड्यांतून येणाऱ्या सर्वांसच पुढे देश मिळतो असे दिसल्यावर, ज्यांस छळाचे भय नव्हते तेही निघू लागले. तेव्हा जून १९८९ मध्ये असे ठरले की, यापुढे प्रत्येकाची छाननी किनाऱ्यावरील देशातच व्हावी, खऱ्या निर्वासितांस दूरच्या देशांनी घ्यावे, आणि इतरांस व्हिएतनामने शिक्षा न करता परत घ्यावे. एक लाखाहून अधिक लोक परत गेले. काही छावण्यांत छाननी करणाऱ्यांवर लाच घेतल्याचे आरोप झाले. हाँगकाँगमध्ये परत पाठविताना बळाचा वापर झाला. तरीसुद्धा ध्यानात ठेवण्याची गोष्ट ही की, छाननी ज्या देशात झाली त्या देशावर सर्व भार पडला नाही. निकाल ज्याच्या बाजूने लागला, त्याच्यासाठी पुढे कोठे तरी जागा ठेवलेली होती.

आता आपण नकाशावरील ठिपक्याकडे परत येऊ. ऑगस्ट २००१ मध्ये ‘टाम्पा’ नावाच्या नॉर्वेच्या मालवाहू जहाजाने एका बुडत्या होडीतील ४३३ लोकांस वाचविले. त्यांतील बहुतेक अफगाणिस्तानचे होते. ऑस्ट्रेलियाने त्यांस आपल्या ख्रिसमस बेटावर उतरू दिले नाही. काहींस न्यूझीलंडने घेतले. बाकीच्यांस नौरूला नेण्यात आले. पुढल्याच महिन्यात ऑस्ट्रेलियाने कायदा करून, आश्रयाच्या अर्जापुरते, आपली काही बेटे देशाबाहेरची ठरविली! मनुष्य किनाऱ्यावर पाऊल ठेवी आणि कायदा म्हणे की तो आलाच नाही. २००८ साली ही व्यवस्था बंद झाली, तोपर्यंत नौरू व पापुआ न्यू गिनीतील मॅनस बेट येथे सोळाशेंहून अधिक लोक ठेवले गेले होते. त्यांपैकी सुमारे शेकडा ७० खरे निर्वासित ठरले. आणि त्यांतील बहुतेकांस अखेर ऑस्ट्रेलिया व न्यूझीलंड ह्यांनीच आपल्या देशात घेतले. एवढा वळसा घेऊन गाडी पुन्हा मूळ दारीच आली.

२०१२ साली ही व्यवस्था पुन्हा सुरू झाली, आणि १९ जुलै २०१३ रोजी ऑस्ट्रेलियाने जाहीर केले की, होडीने येणारा मनुष्य खरा निर्वासित ठरला तरी त्यास आमच्या देशात कधीही वस्ती मिळणार नाही. त्यानंतर तीन हजारांहून अधिक लोक ह्या बेटांवर पाठविण्यात आले. बहुतेकांचे अर्ज खरे ठरले. पण खरे ठरून जावयाचे कोठे? निकाल लागला, दार उघडले नाही. २०१४ साली मॅनस येथील छावणीत दंगल होऊन एक तरुण आश्रयार्थी मारला गेला. २०१६ साली पापुआ न्यू गिनीच्या सर्वोच्च न्यायालयाने ही अटक त्या देशाच्या राज्यघटनेविरुद्ध असल्याचा निकाल दिला. बेहरूझ बूचानी नावाचा इराणी कुर्द लेखक तेथे कित्येक वर्षे होता. त्याने भ्रमणध्वनीवरून तुकड्यातुकड्यांनी संदेश पाठवून एक पुस्तक लिहिले, आणि २०१९ साली त्या पुस्तकास ऑस्ट्रेलियातील मोठे वाङ्मयीन पारितोषिक मिळाले. पारितोषिक देशात गेले. लेखकास मात्र त्या देशात पाऊल ठेवण्याची परवानगी नव्हती. पुढे न्यूझीलंडने त्यास आश्रय दिला.

ब्रिटनने एप्रिल २०२२ मध्ये ह्याहून एक पाऊल पुढे टाकले. इंग्लिश खाडी ओलांडून होडीने येणाऱ्यांस आफ्रिकेतील रुवांडा देशात पाठवावे, छाननी रुवांडाने करावी, आणि अर्ज मान्य झाल्यास मनुष्याने तेथेच राहावे, अशी ती योजना होती. जून २०२२ मध्ये पहिले विमान सुटण्याच्या बेतात असता युरोपीय मानवी हक्क न्यायालयाच्या आदेशामुळे अडले. १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने एकमताने ठरविले की, रुवांडातील छाननीत चूक होऊन खऱ्या निर्वासितांस पुन्हा संकटात लोटले जाण्याचा धोका आहे, म्हणून ही योजना बेकायदेशीर होय. तेव्हा पार्लमेंटने २०२४ साली रुवांडा सुरक्षित आहे असा कायदाच केला. त्याच वर्षी जुलैत निवडणूक होऊन नवे सरकार आले आणि त्याने योजना रद्द केली. तोपर्यंत सुमारे ७० कोटी पौंड खर्च झाले होते, आणि रुवांडास गेलेले लोक होते चार, तेही आपखुशीने.

येथे एक गोष्ट मोठी बोधप्रद आहे. त्याच रुवांडा देशात, गशोरा येथे, २०१९ पासून दुसरी एक छावणी चालत आली. लिबियात दलालांच्या व पहारेकऱ्यांच्या तावडीत सापडलेल्या लोकांस विमानाने तेथे आणावे, शांतपणे त्यांची छाननी करावी, आणि पात्र ठरणाऱ्यांस कॅनडा, स्वीडन, नॉर्वे इत्यादी देशांनी घ्यावे, असा तिचा उद्देश. दोन हजारांहून अधिक लोक तेथे आणले गेले, आणि त्यांतील पुष्कळांस पुढे नवा देश मिळाला. देश एकच, काम छाननीचेच, आणि दोन्ही ठिकाणी ती आश्रय देणाऱ्या देशाच्या बाहेरच व्हावयाची. मग भेद कोठे? एका योजनेत दारी आलेल्यास उचलून दूर न्यावयाचे होते. दुसरीत दूर अडकलेल्यास उचलून दाराजवळ आणावयाचे होते. म्हणून ‘छाननी परदेशात करावी की स्वदेशात’ हा प्रश्न आम्हांस दुय्यम वाटतो. छाननी झाल्यावर दार उघडते की नाही, हा मुख्य प्रश्न होय.

प्रतिपक्षाचे म्हणणे न ऐकता निकाल देणे आम्हा शिक्षकांस शोभणार नाही. जे लोक दूर पाठविण्याच्या योजनेचा पुरस्कार करतात, ते सगळेच निर्दय असतात असे नाही. ते म्हणतात, होडीत बसल्याने आश्रय मिळत नाही असे एकदा कळले म्हणजे लोक होडीत बसणारच नाहीत आणि बुडणारही नाहीत. हे म्हणणे उडवून लावण्यासारखे नाही. २०१४ पासून एकट्या भूमध्य समुद्रात तीस हजारांहून अधिक माणसे मेली किंवा नाहीशी झाली आहेत. ते असेही म्हणतात की, दलालास पैसे देण्याची ऐपत ज्यास आहे तोच दारापर्यंत येतो. म्हातारी, विधवा आणि पांगळा छावणीतच राहतो. हेही खरे आहे. ऑस्ट्रेलियाकडे येणाऱ्या होड्या २०१४ नंतर जवळजवळ थांबल्या, हेही खरे; परंतु त्याच सुमारास त्या देशाचे आरमार होड्या भरसमुद्रातूनच परत फिरवू लागले होते, तेव्हा थांबण्याचे श्रेय बेटांवरील छावण्यांस किती, हे सांगणे कठीण. शिवाय होडी थांबली म्हणजे छळ थांबला असे होत नाही. रुग्णालयाचे दार लावले तर आतील रोग्यांची संख्या कमी होते; गावातील रोग कमी होत नाही.

छावणीत राहिलेल्या त्या विधवेची कळकळ ज्यास असेल, त्याने तिला घेऊन येण्याची वाट बांधावी. व्हिएतनामच्या वेळी तशी वाट बांधली गेली होती. एक वाट बंद करताना दुसरी उघडली, तर ती व्यवस्था; पहिली बंद केली आणि दुसरी उघडलीच नाही, तर तो केवळ अडसर.

ही कल्पना फार प्राचीन आहे. बायबलाच्या जुन्या करारात सहा शरणपुरांची योजना सांगितली आहे. ज्याच्या हातून अजाणता मनुष्यवध झाला, त्याने सूड घेणाऱ्यापासून पळून तेथे जावे, वेशीपाशी उभे राहून वडीलजनांस आपली हकीकत सांगावी, आणि त्यांनी त्यास आत घ्यावे. नाशिकच्या शरणपूर ह्या नावात हीच कल्पना आहे. त्या योजनेतील बारकावा पाहण्यासारखा आहे. ती सहा नगरे एकाच कोपऱ्यात नव्हती. तीन यार्देन नदीच्या एका तीरास व तीन दुसऱ्या तीरास होती, म्हणजे भार वाटला गेला होता. तेथवरचे रस्ते नीट राखण्याची आज्ञा होती, कारण वाट लांब पडली तर सूड घेणारा मध्येच गाठील. म्हणजे तिन्ही गोष्टींची तरतूद तेव्हाच होती: नीट रस्ता, न्यायाची चौकशी, आणि उघडणारी वेस.

विद्यार्थिमित्रहो, पुढे तुम्ही मोठे व्हाल, वर्तमानपत्रे वाचाल, आणि अशा नव्या नव्या योजना ऐकाल. २०२४ साली इटलीने अल्बानियात छावण्या उघडल्या आणि त्यांवर लागलीच न्यायालयांत वाद सुरू झाले. अशी योजना कानी आली म्हणजे तिला तीन प्रश्न विचारा. पहिला: छाननी करणारा निःपक्षपाती आहे काय, आणि त्याच्या चुकीवर वर दाद मागता येते काय? दुसरा: अर्ज खरा ठरलेल्या मनुष्यास राहण्याजोगा देश ठरलेला आहे काय, आणि तो किती दिवसांत मिळेल? तिसरा: ह्या योजनेमुळे जगात आश्रय मिळालेल्यांची संख्या वाढली, की केवळ एकाच्या अंगणातील माणसे दुसऱ्याच्या अंगणात गेली? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील, तर छाननी कोठल्या देशात झाली ह्याने फारसे बिघडत नाही. एकही उत्तर खोटे असेल, तर ते वाटणीचे नाव घेऊन केलेले ढकलणे होय.

पैसे देणे हा वाटा उचलणे नव्हे काय, असे कोणी विचारील. कधी होय, कधी नव्हे. युगांडाने लक्षावधी निर्वासितांस जमिनीचे तुकडे कसावयास दिले आहेत, आणि त्यांस काम करण्याची व हिंडण्याफिरण्याची मोकळीक दिली आहे. अशा देशास श्रीमंतांनी शाळा व दवाखान्यांसाठी द्रव्य देणे हा खरा वाटा होय; कारण युगांडाने भार आधीच घेतला आहे. आपल्याकडील आजीआजोबांस आठवत असेल, १९७१ साली पूर्व बंगालमधून सुमारे एक कोटी लोक भारतात आले, तेव्हा त्या वर्षाच्या नोव्हेंबरापासून पत्रावर निर्वासित साहाय्याचे पाच पैशांचे जादा तिकीट लावावे लागे. त्यांच्या छावण्या बंगाल, त्रिपुरा, आसाम व मेघालय ह्या सरहद्दीवरील प्रांतांत होत्या. परंतु कोकणातील खेड्यातून पत्र पाठविणारा मनुष्यही तो पाच पैशांचा वाटा देत होता. शेजाऱ्याच्या डोक्यावरील ओझ्यास हात लावण्यासाठी दिलेला पैसा निराळा, आणि आपल्या डोक्यावरील ओझे त्याच्या डोक्यावर ठेवण्यासाठी दिलेला पैसा निराळा.

आता त्या विद्यार्थ्याचा प्रश्न. बाळा, तुझ्या घरात खरोखरच जागा नसेल, आणि शेजाऱ्याच्या घरी पाहुण्याची नीट सोय होऊन उद्या तू त्यास परत आणणार असशील, तर पाहुणचार तुम्हा दोघांचा झाला. परंतु तुझे घर चौसोपी, शेजाऱ्याचे खोपट, आणि पाहुणा पुन्हा दिसू नये म्हणून तू पैसे मोजले असशील, तर तो पाहुणचार कोणाचाच नव्हे. शिबी राजाची गोष्ट तुम्ही सर्वांनी ऐकली आहे. कबुतर त्याच्या मांडीवर येऊन बसले, तेव्हा त्याने तराजूत मांस घातले ते स्वतःचे. शेजारच्या राजास द्रव्य देऊन त्याचे मागविले नाही. एवढा त्याग आज कोणा राष्ट्राकडे कोणी मागत नाही. तराजूच्या पारड्यात प्रत्येकाने आपापला वाटा घालावा, एवढेच मागणे आहे.